पासष्ट मिलिमीटरच्या अलीकडे

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळ गावाबाहेर एका शेतात गोल घट आखला जातो. कडेने गहू, ज्वारी, तूर, मूग, तीळ, सरकी अशी अठरा धान्यं मांडायची. मधोमध खड्डा, त्यात मातीची चार ढेकळं, त्यांवर पाण्याने भरलेली घागर आणि घागरीपाशी पापड, भजी, वडे, कुरडई, विडा-सुपारी. मग सगळे घरी जातात. रात्री तिकडे कुणी फिरकत नाही. पहाटे परंपरेने हे काम करणाऱ्या घराण्यातली माणसं येतात, वाकून निरखतात आणि भाकीत सांगतात. चार ढेकळं म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. ज्या ढेकळाला ओल जास्त, त्या महिन्यात पाऊस जास्त. ही परंपरा तीनशे वर्षांपेक्षा जुनी असल्याचं गावकरी सांगतात.

यात विज्ञान नाही. घागर कशी ठेवली, माती किती भुसभुशीत होती, यावर ढेकळाची ओल ठरते. अरबी समुद्राला त्याची खबरही नसते. अंधश्रद्धा निर्मूलनवाले दरवर्षी हे सांगतात आणि ते बरोबरच आहे. तरी भल्या सकाळी शेकडो शेतकरी तिथे उभे असतात, वाहिन्यांचे कॅमेरे असतात, दुपारपर्यंत भाकीत व्हॉट्सअ‍ॅपवर राज्यभर फिरलेलं असतं. ते ऐकणाऱ्यांकडे जरा नीट पाहायला हवं. बियाण्यासाठी उचल घेण्याच्या ऐन तोंडावर कुणीतरी त्यांना येणारं साल सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने सांगतं. जून कसा, जुलै कसा, ऑगस्टात काय होईल, कुठलं पीक तारेल आणि कुठलं बुडवेल. या सांगण्याला आरंभ आहे, शेवट आहे आणि ऐकणाऱ्याचं शेत त्याच्या मध्यावर आहे.

पुण्यात शिवाजीनगरला हवामान खात्याची दगडी इमारत आहे. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून इथे हलवलं, म्हणून पुणेकर तिला अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. १८७५ साली स्थापन झालेलं हे खातं मोसमी पावसाचा दीर्घ मुदतीचा अंदाज १८८६ पासून देत आलं आहे. आता तो अंदाज असा येतो: देशात पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या अमुक टक्के, चार टक्के इकडे किंवा तिकडे. वाक्य प्रामाणिक आहे. त्यात शंकेलाही जागा ठेवली आहे, आणि हाच त्याचा मोठेपणा. पण सेलू तालुक्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याने त्या चार टक्क्यांचं करायचं काय? त्याच परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख मग मोबाइलवर येऊन सांगतात, अमुक तारखेपासून पाऊस आहे, सोयाबीन काढून झाकून ठेवा. त्यांच्या अंदाजांवर हवामानशास्त्रज्ञांचे आक्षेप आहेत. ऐकणारे लाखो आहेत, कारण वाक्य त्यांच्या शेतात येऊन थांबतं.

हवामानबदलावरच्या लेखनाची प्रस्तावना घटमांडणीपासून सुरू करण्याचं कारण हेच. हवामानाबद्दल माणसाला आकडा पुरत नाही, त्याला गोष्ट लागते. ती शहाण्यांनी सांगितली नाही, तर दुसरं कुणी सांगतं.

मराठी मुलखाकडे अशा गोष्टी नाहीत असं मुळीच नाही. उलट दुष्काळाची गोष्ट सांगण्यात मराठी माणसाचा हात धरणारा क्वचितच सापडेल. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते: दुष्काळात सरकारी कोठारं रयतेसाठी उघडली, सुलतानाचा कोप ओढवला, आणि विठोबा विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन धान्याचे पैसे चुकते करून आला. या कथेतला चमत्कार बाजूला ठेवला, तरी तिचा कणा शाबूत राहतो. पाऊस न पडणं हे कुणाच्या हातात नसतं. कोठाराची किल्ली मात्र कुणाच्या तरी हातात असते.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली आली. माणदेशातल्या धनगरांची एक वाडी, तिथे आलेला तरुण मास्तर, आणि शेवटी पावसाने पाठ फिरवल्यावर मेंढरं हाकत जगायला निघून गेलेली माणसं. त्याआधी जोतीराव फुल्यांनी १८८३ साली लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये डोंगरावरून वाहून जाणाऱ्या मातीचा, पाणी अडवायच्या ताली-बंधाऱ्यांचा आणि जंगलखात्याने शेतकऱ्याच्या गुरांचं रान बंद केल्याचा हिशेब मांडला होता. पर्यावरण हा शब्द अजून कुणाच्या तोंडी नव्हता, त्या काळी.

आणि बहात्तरचा दुष्काळ. साठी-सत्तरी ओलांडलेल्या कुणाही समोर विषय काढा. सुकडी, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी, खडी फोडताना हाताला आलेले घट्टे, पाझर तलावाच्या कामावर झाडाला बांधलेली झोळी, सगळं एका दमात बाहेर येतं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख मजूर होते. त्यातून वि. स. पाग्यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेने जोर धरला, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली देशाने त्याच धर्तीवर आपला कायदा केला. एका दुष्काळाच्या सांगण्या-ऐकण्यातून एवढं मोठं काही उभं राहिलं, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगायला हरकत नाही. करुणेला कायद्याचं कलम मिळालं.

अडचण अशी, की या सगळ्या गोष्टी न आलेल्या पावसाच्या आहेत.

आता जो पाऊस येतो, त्याची गोष्ट बसवायला जुना साचा चालत नाही. दुष्काळ सावकाश येतो आणि सगळ्यांना मिळून येतो. विहीर आटत जाते, जनावरं बाजारात जातात, गाव एकत्र सोसतं. ढगफुटीसारखा पाऊस एक डोंगर, एक ओढा, एक शिवार निवडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्यातला माणूस रात्री बातम्या पाहीपर्यंत निर्धास्त होता. निम्म्या शहराने प्रलय पाहिला आणि निम्म्याने साधा पावसाळी दिवस, तर त्या दिवसाची एकच गोष्ट कशी होणार?

पाऊस बदलला आहे, हे शास्त्रज्ञही सांगतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दाखवून दिलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर कोसळणाऱ्या अतिपावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि तेही एकूण पाऊस घटत असताना. अरबी समुद्र तापतो आहे. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरू शकते; ते बाष्प वाऱ्याबरोबर आत येतं आणि महिन्याचा पाऊस दोन दिवसांत ओतून मोकळं होतं. मधले आठवडे कोरडे. त्याच संस्थेच्या दुसऱ्या अभ्यासानुसार, १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली. वादळ ही बंगालच्या उपसागराची डोकेदुखी, आपला समुद्र शांत, असं कोकणात पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. तो भरवसा आता गेला.

कॅलेंडरही हललं आहे. हवामान खात्याने २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा नव्याने ठरवल्या. मुंबईतून पाऊस परतायची तारीख २९ सप्टेंबर होती, ती ८ ऑक्टोबर झाली. नऊ दिवस म्हटलं तर किरकोळ वाटतात. पण मराठवाड्यात-विदर्भात हेच दिवस सोयाबीन कापून सुडी घालण्याचे. २०१९ च्या ऑक्टोबरात शेंगांतच मोड आले, हे राज्यभर लोकांनी पाहिलं. दुसऱ्या टोकाला, २०२५ साली पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. नोंदींमधलं हे सर्वांत लवकरचं आगमन. उन्हाळी कांदा अजून चाळीत जायचा होता, नांगरट व्हायची होती. आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सीना नदीने सोलापूर-धाराशिवची, म्हणजे शाळेच्या भूगोलात ‘अवर्षणग्रस्त’ म्हणून पाठ केलेली गावं पाण्याखाली घातली. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. त्याच मराठवाड्यात दहा वर्षं उलटायच्या आत होड्या चालवाव्या लागल्या.

मराठी साहित्य या बदलाला अगदीच सामोरं गेलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. आनंद विंगकरांच्या कादंबरीच्या नावातच अवकाळी पाऊस आहे. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ कोरडवाहू शेतीची कोंडी खोलवर सांगते. पण अमिताव घोष यांनी २०१६ साली इंग्रजीतल्या गंभीर कादंबरीबद्दल जी तक्रार केली, की हवामानाचा उत्पात तिच्या चौकटीत मावत नाही, तो तिला अतिरंजित वाटतो, ती थोड्या फरकाने इथेही लागू पडते. आपल्याकडे पाऊस एकतर प्रेमात पडतो, नाहीतर पडतच नाही.

साहित्य मागे राहिलं, तर तोवर ही गोष्ट कोण लिहितं आहे? महसूल खातं. हे विनोदाने म्हटलेलं नाही. आज महाराष्ट्रात पावसाच्या नुकसानीची सर्वांत जास्त पानं पंचनाम्यांची आहेत.

एखाद्या महसूल मंडळाच्या गावी गेलं, तर लोखंडी जाळीच्या कुंपणात एक खांब दिसतो. त्यावर सौर पट्टी, वाऱ्याची भिरभिरी आणि पर्जन्यमापक. अशी दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रं ‘महावेध’ प्रकल्पात राज्यभर उभी राहिली. २४ तासांत त्या केंद्रावर ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला, तर मंडळात अतिवृष्टी झाली असं धरतात. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतात. पिकाचं नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर पंचनामा होतो, यादी लागते, विशिष्ट क्रमांक म्हणजे व्हीके नंबर येतो, ई-केवायसी होते. व्यवस्था वाईट नाही. लाखो खातेदारांना मदत पोचवायची तर कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. पण ढग मंडळाची हद्द पाहून फुटत नाही. केंद्रावर ५८ मिलिमीटर आणि पाच किलोमीटरवरच्या ओढ्याकाठी माती खरवडून गेलेली, हे चित्र तालुक्या-तालुक्यात सापडतं. ‘आमचं मंडळात बसलं नाही,’ एवढं बोलून माणूस गप्प होतो. त्याने पाहिलेला पाऊस सरकारी कागदावर पडलेलाच नसतो.

पासष्ट मिलिमीटरच्या अलीकडे राहिलेलं हे जे सगळं आहे, तीच लेखकाची जागा. आकड्याच्या वर जे घडतं त्याची नोंद कुणीतरी घेतोच. खाली जे राहतं, ते सांगितलं नाही तर घडलंच नाही असं होऊन बसतं.

आणि सांगण्याने फरक पडतो, हे रोमँटिक बोलणं नव्हे. एका दिवसात पासष्टची रेघ न ओलांडता पंधरा-पंधरा दिवस रोज पडणारा पाऊस पीक कुजवतो, ही शेतकऱ्यांची तक्रार वर्षानुवर्षं चालू होती. अर्ज झाले, मोर्चे झाले, गावोगावच्या वार्ताहरांनी बातम्या लावल्या. २०२३ साली राज्य सरकारने सततचा पाऊस ही नैसर्गिक आपत्ती मानायचा निर्णय घेतला. निसर्ग चक्रीवादळानंतरही असंच झालं. ३ जून २०२० रोजी ते रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्या भुईसपाट झाल्या. कोकणातली वाडी म्हणजे काही गुंठ्यांत नारळ, त्याच्या सावलीत सुपारी, सुपारीवर मिरीचा वेल, खाली जायफळ. हेक्टरी हिशेबाची भरपाई अशा वाडीला काय पुरणार? बागायतदारांनी हे पुन्हा पुन्हा समजावून सांगितलं, तेव्हा झाडामागे रक्कम ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५०. श्रीवर्धनी रोठा सुपारीचं झाड फळाला यायला सहा-सात वर्षं सहज लागतात. पन्नास रुपये ही थट्टाच. तरी कागदावर हेक्टरच्या जागी झाड आलं, ही छोटी गोष्ट नाही. मोजणाऱ्याला निदान वर बघावं लागलं.

कधी कधी सांगायलाही कुणी उरत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण डोंगराखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीमुळे. नेहमीच्या फेरीवर आलेल्या चालकाला रस्त्याच्या पलीकडे गाव दिसलं नाही, चिखलाचा डोंगर दिसला, आणि त्याने ती खबर दिली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळचं तळिये. त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि खाली वाशिष्ठीने चिपळूण बुडवलं होतं. तिथे १८६४ पासून चालत आलेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकंही त्या पुराच्या चिखलात गेली. मग १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ही ठाकरवाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. यादीत नव्हती म्हणजे काय? डोंगर तर होताच. वाडीही होतीच. चढून जायला रस्ता नव्हता, एवढंच.

इथे करुणेचा मुद्दा येतो, आणि इथेच लेखणी घसरायची भीती असते. पृथ्वीबद्दल कळवळा दाखवणं फार सोपं झालं आहे. दर ५ जूनला तुकोबांचा एकच अभंग फलकावर चढतो, खड्ड्यात रोप लागतं, फोटो निघतो, आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप लागतं. ‘वसुंधरा’, ‘धरणीमाता’, ‘काळी आई’ हे शब्द इतके गुळगुळीत झाले आहेत, की त्यांना चिकटलेली माती कधीच झडून गेली.

ती माती अजून कुठे शिल्लक आहे ते पाहायचं, तर मार्गशीर्षाच्या अमावस्येला लातूर किंवा धाराशिव जिल्ह्यात जावं. वेळ अमावस्या, तिकडच्या बोलीत येळवस. त्या दिवशी शहरं ओस पडतात, लातूरच्या बाजारपेठेत सुद्धा शटर खाली. झाडून सगळे शेतात. कडब्याची कोप उभारायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड चुना लावून मांडायचे. डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेलं मडकं आणायचं, त्यात आंबील: ज्वारीचं पीठ आणि ताक. हरभऱ्याची, तुरीची, वालाची अशी ओल्या दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, तिळाची पोळी. जेवणाआधी उभ्या रब्बीच्या कडेकडेने फिरत पिकावर आंबील शिंपडायची, काळ्या आईला तिचा वाटा द्यायचा आणि मगच आपण पानावर बसायचं. ज्याला शेत नाही त्यालाही कुणीतरी बोलावलेलं असतंच. सोवळंओवळं नाही, भटजी नाही, देवळाची पायरी नाही. जमिनीला भूक लागते आणि तिला आपल्याआधी वाढायचं असतं, एवढं एकच सूत्र.

पण या सणाला देव्हाऱ्यात बसवण्याआधी हेही लिहायला हवं, की आंबील शिंपडणाऱ्याच शिवारात सातशे-आठशे फुटांवर गेलेल्या बोअरवेल आहेत, आणि कमी पावसाच्या तालुक्यातही साखर कारखान्यांचे पट्टे चालतात. माणूस दुष्ट असतो म्हणून हे होत नाही. उसाला हमखास भाव असतो आणि गिऱ्हाईक दाराशी येतं. करडईला, जवसाला यातलं काही नाही. तेव्हा करुणा खरी का खोटी हे ओळखायची एक साधी रीत आहे. तिच्या मागोमाग हिशेब येतो का, ते पाहावं.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरेबाजारला तो येतो. पोपटराव पवार सरपंच झाले तेव्हा, ऐंशीचं दशक संपता संपता, गाव उजाड होतं. वर्षाला सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पुढे तिथे डोंगरावर चर खोदले गेले, ऊस आणि शेतीसाठी बोअर बंद झाले, आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पडली. पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना-जनावरांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीला काय पेरता येईल, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर वाचलं जातं. पाऊस कमी झालेला असेल तर जास्त पाण्याचं पीक घ्यायचं नाही, हे तिथेच ठरतं. हाही आकडाच, सिमला ऑफिससारखा. पण तो गावाने स्वतः मोजलेला, स्वतःच्या विहिरीचा, आणि त्याच्या शेवटी ‘म्हणून आपण काय करायचं’ हे वाक्य आहे. भेंडवळच्या शेतात जे ऐकायला लोक पहाटे जमतात, ते इथे कुठल्याही भाकिताशिवाय मिळतं.

पर्यावरणाच्या लेखनात हीच जोड सगळ्यांत दुर्मिळ. शास्त्रज्ञांचे अहवाल लेखक वाचत नाहीत; लेखकांच्या नोंदी शास्त्रज्ञांपर्यंत पोचत नाहीत. खरं तर साधी रोजनिशी काय करू शकते याचा नमुना जपानमध्ये आहे. क्योतो शहरात चेरी कधी पूर्ण फुलली याच्या तारखा तिथल्या हवामानशास्त्रज्ञ यासुयुकी आओनो यांनी दरबाऱ्यांच्या आणि भिक्षूंच्या जुन्या रोजनिशांमधून, बखरींमधून वेचून काढल्या. मालिका पार इसवी सन ८१२ पर्यंत मागे गेली. लिहिणाऱ्यांपैकी कुणालाही हवामान मोजायचं नव्हतं; त्यांना फुलांच्या मेजवानीचा दिवस टिपायचा होता. त्यामुळेच २०२१ साली २६ मार्चला आलेला बहर तोवरच्या बाराशे वर्षांतला सर्वांत लवकरचा होता, हे ठामपणे सांगता आलं.

मराठीत अशी सलग मालिका नाही, पण सामान आहे. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त, म्हणजे १९५६ सालच्या पुस्तकात, महिन्यामागून महिना झाडं, फुलं, पाखरं, आकाशाचे रंग बारकाईने टिपलेले आहेत. ललितगद्याचा तो मानदंड आहे, हे आपण वर्गात शिकलो. आज तेच पुस्तक हातात घेऊन त्या-त्या महिन्यात बाहेर पडलं, तर काय चुकतं आणि काय जुळतं, हे कुणीतरी ओळीने तपासायला हवं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत पाऊस आहे, पेरणी आहे, बैल आहे, माहेरच्या वाटेवरचा ओढा आहे. या ओव्या आजवर बाईच्या मनाचा दस्तऐवज म्हणून वाचल्या गेल्या, आणि ते योग्यच. त्या ऋतूंचाही दस्तऐवज आहेत. रत्नागिरीच्या आंबा बागायतदारांच्या वह्यांत मोहोर कधी आला, तुडतुड्यावर पहिली फवारणी कधी झाली, पहिली पेटी कधी गेली, याच्या तारखा असतात. नाशिकच्या द्राक्षवाल्यांकडे छाटणीच्या. गावच्या पोस्टमास्तरकडे, जुन्या शाळेच्या हजेरीपटात पावसामुळे दिलेल्या सुट्टीच्या शेऱ्यात, देवस्थानच्या जमाखर्चात, मच्छीमार सोसायटीच्या वहीत असं बरंच काही पडून आहे. वाळवी आणि पूर यांच्या आधी तिथे कुणीतरी पोचायला हवं.

या विषयावर लिहिणाऱ्यांकडून तीन-चार गोष्टींची अपेक्षा ठेवणं गैर नाही. गावाचं नाव, तारीख आणि पीक लेखात असावं. ‘एका खेड्यात, एकदा’ असं लिहून भागत नाही. दुःख सांगताना माणसाला नुसतं बिचारं करू नये, त्याने काय शहाणपण केलं आणि काय घोळ घातला, दोन्ही यावं. शास्त्रज्ञाचा निष्कर्ष जेवढा आहे तेवढाच लिहावा. प्रत्येक सरीचं खापर हवामानबदलावर फोडलं, तर डोंगर कापणारा, ओढा बुजवणारा आणि पूररेषेच्या आत इमारत उभी करणारा आपोआप सुटतो. आणि शक्यतो त्या माणसाला लिहितं करावं, ज्याच्या शेतात हे घडलं.

वाचकांना एक विनंती आहे. आपल्या घरात, गावात, नात्यात कुणाकडे पेरणीच्या, पुराच्या, मोहोराच्या, विहिरीच्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी असतील, तर त्या रद्दीत घालू नका. मोबाइलवर पानापानाचे फोटो काढा, गावाचं नाव आणि साल लिहा, आणि जवळच्या महाविद्यालयातल्या भूगोलाच्या प्राध्यापकांना किंवा ग्रामपंचायतीच्या वाचनालयाला एक प्रत द्या. नोंदी नसतील तर एक वही घ्या आणि येत्या मृगापासून सुरुवात करा.